नवव्या कलमाची लघुलेखिका

"...मग आई म्हणजे काय, नऊ महिने भाड्याने दिलेली खोली?" वकीलबाई म्हणाल्या, आणि ताईची पेन्सिल क्षणभर अडली.

घटना परिषदेच्या समितीच्या खोलीत सकाळपासून नवव्या कलमावरून जुंपली होती. मूल कोणत्या देशाचं धरायचं? बापाचा देश तोच मुलाचा, असं सरहद्दीच्या प्रांतांचं म्हणणं. त्यांच्या वतीने कर्नल भांडत. निवृत्तीला बारा वर्षं झाली होती, पण टेबलावर मूठ आपटताना ते अजून कवायतीच्या मैदानावरच असत. मूल इथे जन्मलं आणि आई इथली आहे, एवढं पुरे, असं वकीलबाईंच्या गटाचं म्हणणं. एकोणीस जणांच्या समितीत नऊ इकडे, नऊ तिकडे आणि मधे मास्तर. चाळीस वर्षं शाळा चालवली आणि एका पोराला नापास करायचं म्हटलं तरी ज्यांना ताप भरायचा, असे मास्तर.

ही सगळी नावं लघुलेखिकांनी ठेवलेली. लघुलेखिका चौघी होत्या. दोघी आत, दोघी बाहेर टाइप करायला, दर दहा मिनिटांनी पाळी बदलायची. कोण बोललं, काय बोललं, कुणी कुणाला गाढव म्हटलं, सगळं जसंच्या तसं. ताईच्या हाताचा वेग चौघींत जास्त म्हणून भांडण पेटलं की तिलाच आत बसवत.

नदीपलीकडचा माणूस येतो, इथल्या बाईशी लग्न लावतो आणि पाच वर्षांत चार नागरिक तयार करतो, कर्नल म्हणाले. हा देश आहे की उबवणी केंद्र?

ताईने 'उबवणी केंद्र' लिहिलं. तिची स्वतःची दोन पिल्लं त्या केंद्रातलीच होती. थोरली सतरा वर्षांची, धाकटी नऊ.

ताईचा नवरा तीन वर्षांचा असताना आईच्या कडेवरून नदी ओलांडून आला होता. त्याला ना जन्माचा दाखला, ना पलीकडचा कागद. जुन्या राजवटीत कुणी विचारलं नाही. सचिवालयातले टाइपरायटर दुरुस्त करायला तो यायचा. ताई तेव्हा नवी होती आणि तिच्या यंत्राचा एकच दांडा रोज अडकायचा. चौथ्या दिवशी तो म्हणाला, बाई, हा दांडा तुम्ही मुद्दाम वाकवता की माझं नशीब वाकडं आहे? ताईचे वडील कोर्टात कारकून. जावयाकडे कागद नाही म्हणून त्यांनी सहा महिने तोंड फिरवलं. मग थोरली झाली आणि फिरलेलं तोंड आपोआप सरळ झालं. अठरा वर्षं संसार झाला. सासूबाईंची आणि ताईची त्यातली सतरा भांडणात गेली, पण ताईच्या डब्यावरचं झाकण घट्ट बसलंय की नाही हे सासूबाई अजून रोज दाबून बघत.

नवी घटना येणार म्हटल्यावर घरात सगळ्यांत जास्त आनंद नवऱ्यालाच झाला होता. आता मीही कागदावर येणार, तो म्हणायचा. तो आला, पण चौदाव्या कलमात, 'निवासी' म्हणून. निवाशाने परवाना काढायचा, दर वर्षी नवा करायचा, आणि सरकारने सांगितलं तर साठ दिवसांत नदी ओलांडायची. आता राहिला प्रश्न मुलींचा.

साडेबाराला कर्नलांनी आपली फाइल मिटली. या कलमात आईचं नाव आलं तर आमचे एक्केचाळीस प्रतिनिधी परिषदेतून उठतील, आणि मग घटना तुम्ही तुमच्या आयांनाच वाचून दाखवा, असं सांगून ते उभे राहिले. त्या एक्केचाळीसांना टेबलाशी आणायला चौदा महिने गेले होते. ते उठले तर पुन्हा रस्त्यावर बंदुका येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तेव्हा मास्तर बोलले. बापाचंच धरू, पण विधवा आणि टाकलेल्या बायकांच्या लेकरांनी कुठे जायचं? त्यांच्यापुरतं आईचं धरू या. कर्नलांनी खांदे उडवले. वकीलबाईंनी डोळे मिटून होकाराची मान हलवली. वीस मिनिटांत मजकूर ठरला, आणि सगळे जेवायला गेले.

पहिलं उपकलम: अपत्यास पित्याचे नागरिकत्व प्राप्त होईल. तिसरं उपकलम: ज्या अपत्याचा पिता हयात नाही, अथवा ज्याच्या मातेचा पित्याशी असलेला विवाह संपुष्टात आला असून जे मातेजवळ राहते, त्यास मातेचे नागरिकत्व प्राप्त होईल. घटना अमलात येईल त्या दिवशीची स्थिती ग्राह्य धरली जाईल. तो दिवस चौतीस दिवसांवर होता.

लघुलेखिकेने प्रतिनिधीशी स्वतःहून बोलायचं नाही, असा दंडक. लघुलेखिका झाल्यापासूनच्या अकरा वर्षांत ताईने तो मोडला नव्हता. त्या दुपारी ती मास्तरांच्या मागे जिन्यापर्यंत गेली.

"सर, पहिल्या उपकलमात 'किंवा मातेचे' एवढंच घाला. दोनच शब्द आहेत."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. तिचा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असावा.

"बाई, त्या दोन शब्दांची किंमत एक्केचाळीस माणसं आहे," ते म्हणाले. मग हळूच त्यांनी विचारलं, "तुमचे यजमान पलीकडचे?"

ताईने मान डोलावली. मास्तरांनी कठडा धरला. मी विधवांचाच विचार केला हो, ते म्हणाले, नवरा जिवंत असलेल्यांचा माझ्या डोक्यातच आला नाही. आणि ते खाली उतरून गेले, एकेक पायरी चाचपत.

ताई आपल्या यंत्रापाशी आली. मूळ आणि चार कार्बन प्रती. बोटं आपोआप चालत होती. पहिल्या उपकलमाशी आली आणि बोटांनी टाइप केलं: पित्याचे किंवा मातेचे. ती थांबली नाही, खोडलं नाही, पुढच्या ओळीवर गेली. हे पान छापखान्यात जाणार. छापून आलेला मसुदा प्रतिनिधी परत वाचत नाहीत, फक्त आपापली भाषणं वाचतात. हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

पण ठरलेला मजकूर दोघींनी उतरवायचा आणि ताडून पाहायचा, ही कचेरीची रीत. एकीने टाइप केलेलं मोठ्याने वाचायचं, दुसरीने आपल्या वहीवर बोट ठेवून ऐकायचं. दुसऱ्या वहीवर मोठ्या बाई होत्या, चौघींच्या प्रमुख. ताईने वाचायला सुरुवात केली. आवाज एकसारखा ठेवला.

मोठ्या बाईंचं बोट थांबलं.

"माझ्या वहीत दोन शब्द कमी आहेत."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. घाई केली नाही.

"थोरलीचा पहिला स्वेटर मी विणलाय," त्या म्हणाल्या. "तरी हे माझ्याच्याने होणार नाही. आज तू दोन घालशील, उद्या कर्नलांची माणसं एक काढतील, आणि मग आपण चौघी इथे कशाला बसलोय? पान परत टाइप कर. हे मी फाडते. मी काही पाहिलेलं नाही."

ताईने पान परत टाइप केलं. या वेळी एकेक अक्षर डोळ्यांनी वाचत केलं, आणि तिसऱ्या उपकलमाशी येऊन तिची बोटं कळांवर तशीच राहिली. 'विवाह संपुष्टात आला असून.' शेजारणीने विचारलं, दांडा अडकला का? ताई म्हणाली, नाही, चालतंय.

घरी जाताना ती दिवाणी कोर्टावरून गेली. बाहेरच्या फळ्यावर नियम लावलेले होते. दोघांची संमती असेल तर एकवीस दिवस. अर्जाआधीपासून पती-पत्नी एका छताखाली राहत नसल्याबद्दल दोन साक्षीदार. तिने ते दोनदा वाचलं आणि बोटांवर दिवस मोजले. आज गुरुवार. सोमवार चुकला तर अर्ज घ्यायची पुढची तारीख पंधरा दिवसांनी, म्हणजे सगळंच मुसळ केरात.

जिन्यात वरच्या मजल्यावरची बाई भेटली. तिचाही नवरा नदीपलीकडचा, पदरात तीन मुलं. ताई, तुम्ही तर आतच असता, आमच्या पोरांचं काय ठरतंय हो, तिने विचारलं. समितीत ऐकलेलं शेवटच्या वाचनापर्यंत बाहेर काढणार नाही, अशी ताईने सहीनिशी शपथ घेतलेली. आणि शेवटचं वाचन त्या चौतिसाव्याच दिवशी. ताई म्हणाली, अजून काही ठरलं नाही. बाई हसून वर गेली. तिच्या चपलांचा आवाज बंद होईपर्यंत ताईला दाराची कडी वाजवता आली नाही.

घरात नेहमीचंच चाललं होतं. थोरली परिचारिकेच्या शाळेचा अर्ज भरत होती आणि 'राष्ट्रीयत्व' या रकान्यापाशी पेन चावत होती. धाकटीने आजीची जपमाळ मांजराच्या गळ्यात घातली म्हणून सासूबाई तिला रागवत होत्या. नवरा हात धुऊन जेवायला बसला, नखांत शाई तशीच.

"काय मग, आज तुमच्या कर्नलने काय फोडलं?" त्याने विचारलं. रोज विचारायचा, ताई रोज गप्प बसायची, आणि मग तो स्वतःच कर्नलची नक्कल करून टेबल बडवायचा. आजही बडवलं. मुली हसल्या. सासूबाईही हसल्या, मग ताईच्या तोंडाकडे बघून थांबल्या.

"सूनबाई, बरं नाही का?"

ताईने स्वतःचं पान घेतलं नव्हतं. ती भिंतीला टेकून उभी होती. सांगावं की नाही हे ठरवायला तिने कचेरीपासून इथवरचा सगळा रस्ता घालवला होता, आणि कसं सांगावं ते अजून सुचलं नव्हतं. सुचणारही नव्हतं. तिचं आयुष्य दुसऱ्यांची वाक्यं उतरवण्यात गेलेलं.

"सोमवारी दहा वाजता आपण दोघं दिवाणी कोर्टात जातोय," ती नवऱ्याला म्हणाली. "घटस्फोटाचा अर्ज द्यायला."

नवरा हसला. विनोद पुढे जाईल म्हणून थांबला. मग त्याने थोरलीच्या अर्जाकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, आणि त्याचा हात ताटावरच राहिला.

"कारण?"

"कारण सांगायची मला परवानगी नाही."

सासूबाई काही बोलायला गेल्या. त्याने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. धाकटी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"उद्या तुम्ही आणि आई आपल्या दुरुस्तीच्या दुकानाच्या माळ्यावर राहायला जा," ताई म्हणाली. "गाद्या दोन न्या. मुली माझ्याकडे राहतील."