नेटला लागली

डावा हात वर करायचा आणि म्हणायचं, "लागली. माझी लागली की." अक्कांचा खेळ असा मध्येच थांबायचा.

बॅडमिंटनचा नियम तुम्हालाही माहीत असेल. शटल खाली पडायच्या आत रॅकेट नेटला लागली, की गुण समोरच्याला. पण आपण होऊन ते सांगणारं माणूस आमच्या राजारामपुरीच्या हॉलमध्ये एकच होतं. अक्का सीमेकडच्या. नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. मला 'तंगी' म्हणायच्या, म्हणजे कानडीत धाकटी बहीण.

हॉलच्या स्पर्धेत आमची जोडी अंतिम सामन्यात पोचली. तिसरा गेम, वीस-एकोणीस, पुढे आम्ही. अक्कांनी नेटजवळ शटल खाली मारलं. पंचांनी गुण दिला, मी उडी मारली. समोरच्या दोघी हात मिळवायला निघाल्यासुद्धा.

अक्कांचा हात वर.

"मला न्हाय दिसली," पंच म्हणाले.

"मला दिसली की. शटल पडायच्या आधी लागली."

वीस-वीस झालं आणि पुढचे दोन्ही गुण गेले. बॅग भरताना मी सगळ्यांदेखत म्हणाले, "अक्का, तुमच्याबरोबर खेळायचं तरी कुणी?"

त्यांनी रॅकेट कव्हरमध्ये घातली. पण ऐकणाऱ्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून त्या यायच्या आत जोड्या ठरू लागल्या. अक्का बूट बांधून बाकावर बसायच्या, तासाभराने बूट सोडायच्या. दहा-बारा दिवसांनी यायच्या बंद झाल्या.

मी त्यांच्या घरी गेले. एका क्लासच्या वरचा फ्लॅट. "ये तंगी," म्हणताना त्यांचा आवाजच फुटेना.

"सर्दी झाली का?"

"न्हाय गं. बोलणं न्हाय, मग घसा धरतोय. सकाळचा तासभर काय बोलीन तेवढंच हुतं."

मला तिथे बसवेना. "चुकलं माझं, अक्का. पण तुम्हाला जिंकायचं नव्हतं का?"

"हुतं की. लई हुतं." त्यांनी चहा गाळून कप माझ्यापुढे ठेवला. "हात वर केला तवाच कळलं, आता आपल्याला कोण घेत न्हाय."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन गेले. बाकीच्यांनी घेतलं नाही, म्हणून कडेच्या कोर्टवर आम्ही दोघीच खेळायला लागलो. वर्षभर खेळलो. मग अक्कांचा गुडघा दुखायला लागला आणि लेक त्यांना पुण्याला घेऊन गेली.

परवा मी शिकवते त्या शाळेत मधल्या सुट्टीत त्यांचा फोन आला.

"तिकडे हॉल आहे का अक्का?"

"हाय की. गुडघाबी बरा हाय आता. खिडकीतनं दिसतात खेळताना." पुढे म्हणाल्या, "पन वळख न्हाय गं. कुणाला म्हणू, मला घ्या म्हणून?"

त्या मग लेकीच्या सोसायटीचं, लिफ्टचं, भाजीवाल्याचं सांगत राहिल्या. घसा धरत होता, तरी सांगत होत्या. घंटा झाली. वर्गात मुलांचा गोंगाट सुरू झाला. मी व्हरांड्यात उभी राहून "हं, मग?" म्हणत राहिले.