धुण्याची पट्टी

वॉटी स्मीटनला गोल्फ कधीच आवडला नाही. आमच्या पिटलोरी गावात हे मोठ्यानं बोलायची सोय नाही, कारण इथे पोर चालायला लागलं की त्याच्या हातात खेळायची काठी येते. पण ज्या माणसानं उभा जन्म त्या मैदानाची हजामत करण्यात घालवला, त्याला खेळही आवडलाच पाहिजे असा आग्रह धरणं म्हणजे न्हाव्यानं प्रत्येक गिऱ्हाइकाच्या डोक्यावर जीव टाकावा म्हणण्यासारखं आहे.

समुद्राच्या अंगानं उजेड फुटायच्या बेताला वॉटी हातात लांबलचक वेताची काठी घेऊन पहिल्या हिरवळीवर उतरायचा. काठी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत गवतावरचं दंव झाडायचा, नाहीतर गवताला बुरशी धरते. मग होल कालच्या जागेवरून हलवायचा, जुनं भोक मातीच्या गड्ड्यानं बुजवायचं, वाळूच्या खड्ड्यांतून दाताळं फिरवायचं, सशांनी रात्रीत उकरलेलं दाबून बसवायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. रविवारी देवाच्या भीतीनं आमच्याकडे खेळ बंद असतो, पण गवताला कुठलं आलंय चर्च! ते रविवारीही वाढतं. वॉटी वयाच्या चौदाव्या वर्षी विळा घेऊन या मैदानावर आला होता. आता त्याचे गुडघे वाकताना कुरकुरायचे, बोटं थंडीत मिटली की उघडायला गरम चहाचा पेला लागायचा, आणि पाऊस, ऊन, वारा या तिन्हींचा त्याला सारखाच कंटाळा आला होता. येत्या हिवाळ्याआधी तो निवृत्त होणार होता. त्याचा त्याला आनंद झाला असता, पण त्यालाही थोडी ताकद लागते.

या सगळ्या वर्षांत वॉटीचं खरं भांडण एकाच व्यक्तीशी झालं. ती त्याची बायको नेटी.

पहिल्या होलच्या कडेला, क्लबच्या इमारतीला लागून, गवताची एक लांबट पट्टी आहे. तिला आम्ही धुण्याची पट्टी म्हणतो. खालच्या आळीत, म्हणजे मासेमारांच्या वस्तीत, जन्मलेल्या कुठल्याही बाईनं तिथे आपलं धुणं वाळत घालावं, हा हक्क क्लबपेक्षाही जुना. वर्षातून एकदा, उन्हाळ्यात भरणाऱ्या लॅमसच्या जत्रेच्या आत, हा हक्क बजावलाच पाहिजे. एक वर्ष कोरडं गेलं की पट्टी क्लबची. कापड ओलं पसरायचं आणि सुकलेलं उचलायचं. क्लबच्या एकाही माणसानं त्याला बोट लावायचं नाही. अपवाद फक्त मैदान राखणाऱ्याचा. त्यानं कापडाचं एक टोक हातात धरायचं आणि चारचौघांत म्हणायचं, "सुकलं." त्याच्या शब्दावर मग क्लबच्या कप्तानानंही बोलायचं नाही.

नेटी खालच्या आळीतली. लग्नाआधी आईबरोबर यायची, लग्नानंतर वॉटीच्या उरावर येऊ लागली. चादरीखाली गवत पिवळं पडायचं, टोकांवरचे दगड गवत कापायच्या यंत्राच्या पात्यात जायचे.

"अगं, घरामागे दोरी बांधून दिलीय ना तुला?" वॉटी ओरडायचा.

"दोरी तुझी आहे. ही जागा माझी आहे," नेटी म्हणायची. "तू तुझं गवत कापत राहा. चादरीला वळसा घालून काप म्हणजे झालं."

वॉटी वळसा घालून कापायचा. संध्याकाळी चादरीचं टोक हातात धरून रागारागानं म्हणायचा, "सुकलं." मग दोघं चादरीची घडी घालायचे, दोन टोकं त्याच्याकडे, दोन तिच्याकडे, आणि जवळ येता येता दोघांनाही हसू फुटायचं. तेवढ्या वेळापुरता त्याचा थकवा कुठे जायचा कोण जाणे.

बाकीच्या बाया एकेक करून गेल्या. कोणी देवाघरी गेली, कोणाच्या घरी वॉशिंग मशीन आलं. आणि पोरी म्हणाव्यात तर आळीत आता कोणी जन्मतच नाही. सगळ्यांच्या आया शहरातल्या इस्पितळात बाळंत होतात. त्यामुळे हक्काची म्हणावी अशी एकटी नेटी उरली. गेल्या हिवाळ्यात बर्फावर पाय घसरून तिचं कंबरेचं हाड मोडलं आणि नेटी खिडकीजवळच्या खुर्चीत बसली ती बसलीच.

वसंत सरत आला तेव्हा क्लबच्या सेक्रेटरीनं, हॅल्केट साहेबानं, वॉटीला आत बोलावून चक्क खुर्ची दिली. हॅल्केट वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर वॉटीला सोपं गेलं असतं.

"स्मीटन, तुमचं घर क्लबचं आहे. नोकरी संपली की ते नव्या माणसाला द्यावं लागणार," हॅल्केट म्हणाला. "तुम्ही कुठे जाणार?"

"नगरपालिकेनं एक घर दाखवलंय, साहेब. वरच्या मजल्यावर."

"जिना? बाईंना?" हॅल्केटनं चष्मा काढून पुसला. "कमिटीला गाड्या लावायला ती पट्टी हवी आहे. यंदा तिथे कापड पडलं नाही, तर तुम्ही दोघं असेपर्यंत ते घर तुमचं. कमिटीनं तसं ठरवलंय. तुम्हाला काही करायचं नाही, स्मीटन. नुसतं काही करायचं नाही, एवढंच. नाहीतरी तुमच्या बाईंनंतर हा हक्क कोण चालवणार आहे?"

खरंच होतं ते. नेटी गेली की पट्टी जाणारच. मग ती थोडी आधी गेली तर कोणाचं काय बिघडणार होतं? तो मान हलवून बाहेर आला आणि वाळूच्या खड्ड्यात दाताळं मारत बसला. आयुष्यभर काम करकरून जीव मेटाकुटीला आलेल्या माणसाला कोणीतरी प्रथमच म्हणालं होतं की काही करू नकोस. तो मोह त्याला आवरला नाही.

नेटीला त्यानं यातलं अवाक्षर सांगितलं नाही.

"वॉटी, आज ऊन छान आहे," ती सकाळी लापशी खाता खाता म्हणायची. "हातगाडीत घालून नेतोस का मला खाली?"

"दुपारी समुद्रावरून धुकं येणार आहे. चादर सुकायची नाही."

"बरं. उद्या जाऊ."

उद्याही धुकं येणार असायचं. परवा हिरवळीला खत असायचं, तेरवा वॉटीचा गुडघा. बाहेर लख्ख ऊन पडलेलं असायचं आणि वॉटी मान खाली घालून खोटं बोलून कामावर जायचा. तिथे त्याला पट्टीकडे बघवायचं नाही. गवत एकसारखं हिरवं होतं, कुठेही पिवळा चौकोन नव्हता. इतकी वर्षं त्याला हेच हवं होतं. आता ते दिसलं की तो दाताळं उचलून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला निघून जायचा.

लॅमसच्या जत्रेच्या आदल्या दिवशी क्लबात पदकाची स्पर्धा होती. वॉटी पहाटेपासून राबून दुपारी जेवायला घरी आला, तर नेटी खुर्चीत ताठ बसलेली. पायाशी टब, टबात भिजलेली चादर. कंबर मोडलेल्या बाईनं चुलीपासून खिडकीपर्यंत तो टब कसा ओढत आणला, ते तिचं तिलाच ठाऊक. फरशीभर पाणी झालं होतं.

"आज धुकं आहे म्हणणार असशील तर आधी खिडकीतून बघ," ती म्हणाली. "माझा बाप दर्यावर गेला, आजा दर्यावर गेला. धुकं कधी येतं ते मला तू शिकवू नकोस. अख्खा उन्हाळा खोटं बोलतोयस. का ते सांग."

वॉटी दारातच बसला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. घर, जिना, हॅल्केटचा शब्द, सगळं. सांगून झाल्यावर त्याला वाटलं, आता ही ओरडेल. नेटी ओरडली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते बघून वॉटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जिना कोण चढणार होतं? तू, मी की हॅल्केट?" ती म्हणाली. "मग मला का नाही विचारलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो म्हणाले असते की नाही, देव जाणे. मलाही हे घर आवडतं, मेल्या. पण माझी जागा तू मला न विचारता देऊन टाकलीस. त्या हॅल्केटच्या लेखी ती माझी नसेल. तुझ्या लेखी तर होती ना?"

गवताचे गड्डे वाहायची हातगाडी बाहेर उभी होती. वॉटी उठला, गाडीत पोतं अंथरलं, नेटीला उचलून तीत बसवलं आणि टब तिच्या मांडीवर दिला.

"हळू रे, मी काय मातीचं ढेकूळ आहे?"

"ढेकूळ हलकं असतं," वॉटी म्हणाला.

पहिल्या होलपाशी खेळणारे काठ्या परजून उभे होते. हातगाडी त्यांच्या पुढ्यातून खडखडत गेली. कोणीतरी म्हातारा सदस्य टोपी काढून म्हणाला, "कशी आहेस, नेटी? यंदा उशीर केलास." नेटीनं जागा दाखवली, वॉटीनं चादर पसरली, चार टोकांना चार दगड ठेवले. तीन वाजले असतील नसतील. ऊन होतं, वारा होता. तासा-दीडतासात कापड कडक झालं असतं.

आणि मग धुकं आलं.

अख्खा उन्हाळा वॉटीनं ज्याचं नाव घेतलं होतं, ते अखेर बोलावल्यासारखं आलं. आधी समोरच्या बेटाचं टोक दिसेनासं झालं, मग बंदराची भिंत, मग अठरावा होल. खेळणारे वैतागून क्लबात परतले. नेटी डोक्याला रुमाल बांधून हातगाडीत बसून राहिली. वॉटीनं आपला कोट काढून तिच्या खांद्यावर टाकला आणि शेजारी गवतावर टेकला. त्याचे गुडघे आता कुरकुरतही नव्हते, नुसते ठणकत होते.

"ओहोटीबरोबर जाईल," नेटी म्हणाली.

ओहोटी लागली. धुकं हललं नाही. चर्चच्या घड्याळात सातचे टोल पडले. पुढचा सगळा दिवस जत्रेचा होता, म्हणजे जे काय व्हायचं ते आत्ताच. दिवे लागलेल्या क्लबातून हॅल्केट बाहेर आला. मागोमाग कप्तान आणि ग्लास हातात धरलेले दहाबारा सदस्य. कापडाला हात न लागेल अशा बेतानं सगळे कडेला उभे राहिले.

"स्मीटन," हॅल्केट हळू आवाजात म्हणाला. तो आवाज खरोखर काळजीचा होता. "जे खरं असेल ते म्हणा. तुम्हाला कोणी दोष देणार नाही."

वॉटी हातावर जोर देऊन उठला. त्यानं चादरीचं टोक उचललं. कापड पसरलं होतं तेव्हापेक्षाही जड लागत होतं. पिळलं नसतानाही पाणी त्याच्या मनगटावरून बाहीत उतरलं आणि बुटावर टपटपायला लागलं. ते टपटपणं सगळ्यांना ऐकू येत होतं. वॉटीनं नेटीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती चादरीखालच्या गवताकडे बघत होती. त्याच्यावर आता तिचा काही भार नव्हता. हो म्हण की नाही म्हण, तिनं ते त्याच्यावर सोडलं होतं. घर त्याला डोळ्यांसमोर दिसलं, मागची दोरी, खिडकी, खुर्ची. आणि जिनाही दिसला.

"सुकलं," वॉटी म्हणाला.

हॅल्केटनं त्या टपटपणाऱ्या टोकाकडे पाहिलं, कप्तानाकडे पाहिलं. कप्तानानं खांदे उडवले. राखणाऱ्याचा शब्द पडला होता.

"तुम्हाला कळतंय ना, स्मीटन, मला आता कमिटीला काय सांगावं लागेल?" हॅल्केट म्हणाला.

"कळतंय, साहेब."

लोक आत गेले. वॉटीनं दोन टोकं नेटीच्या हातात दिली, दोन आपण धरली आणि दोघांनी मिळून घडी घातली. प्रत्येक घडीला पाणी गळत होतं. जवळ आल्यावर नेटीनं त्याच्या ओल्या बाहीवर हात ठेवला.

"अख्ख्या उन्हाळ्यात एवढं वाईट खोटं बोलला नव्हतास," ती म्हणाली.

वॉटीला हसू आलं, आणि मागोमाग रडूही. एवढा दमलो आहोत हे त्याला आजवर कळलंच नव्हतं. त्यानं ओली चादर तिच्या मांडीवर ठेवली आणि हातगाडी चढावर ढकलायला लागला. निम्म्या वाटेत दम लागला म्हणून तो थांबला.

"वरच्या मजल्याला किती पायऱ्या आहेत रे?" नेटीनं विचारलं.

"मोजल्या नाहीत."

"उद्या जाऊन मोज," ती म्हणाली. "आणि ही चादर आधी चुलीपुढे टाक. नाहीतर कुबट वास येईल."