पुजलेल्या कागदावरचं इंजिन

नशिराबादजवळ, महामार्गाला लागून असलेल्या एका तंत्रशाळेत मी पंचवीस वर्षं मोटार मेकॅनिकचा वर्ग घेतोय. यंदा वरून हुकूम आला, इंजिन मोबाईलवर शिकवा. टेबलावर एक छापील चित्र ठेवायचं, त्यावर कॅमेरा धरायचा, की पडद्यावर अख्खं इंजिन उभं राहतं. पिस्टन हलतात, व्हॉल्व्ह उघडतात. पाहणीला साहेब येणार होते. ज्याला जमणार नाही त्याचा वर्ग जाईल आणि तो स्टोअर सांभाळेल, असं प्राचार्य हसत हसत म्हणाले. हसणारे ते एकटेच होते.

महिनाभर घरी सराव केला. मोबाईल धरून टेबलाभोवती फिरताना बघून बायको म्हणाली, "एवढं तुळशीभोवती फिरला असता तर पुण्य तरी लागलं असतं."

पाहणीच्या दोन दिवस आधी खंडेनवमी होती. दरवर्षीप्रमाणे वर्कशॉपमध्ये नट आवळायचे पाने, जॅक, कापून उघडं केलेलं जुनं इंजिन, सगळ्यांची पूजा झाली. नवं अवजार म्हणून त्या चित्रालाही हळदकुंकू लावलं. लावणारा मीच, चांगली पाच बोटं, ठसठशीत.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि साहेबांसमोर मोबाईल धरला. काही उठेना. धुळ्याकडची एक विद्यार्थिनी पडद्यात डोकावून म्हणाली, "सर, कुंकू दिसी ऱ्हायनं, इंजिन नही."

वर्ग खो खो हसला. मी रुमालानं पुसलं, तर सगळं चित्र केशरी झालं. दुसरं चित्र नव्हतं.

मग मी कापलेलं इंजिन ओढलं. फ्लायव्हील अडकलं होतं, दोघांनी जोर लावला तेव्हा फिरलं. इनलेट व्हॉल्व्ह उशिरा का मिटतो, ते सांगत सुटलो. साहेब आहेत हेच विसरलो. मध्येच मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, इथून काहीच दिसत नाही."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. आठवड्याने पत्र आलं. वर्ग माझ्याकडेच राहिला, पण आता प्रत्येक धडा दोनदा घ्यायचा, आधी लोखंडावर, मग मोबाईलवर, मागच्यांनाही दिसावं म्हणून.

जिंकलो म्हणे. संध्याकाळी घसा बसलेला असतो. चहा हवा का, असं घरी विचारतात, तेव्हा मी नुसती मान हलवतो.