त्याचंच वाक्य, माझा माईक

पोरींनो, आत्ताच घरी आलेय. घसा पार बसलाय, पण हे सांगितल्याशिवाय जेवण जाणार नाही.

बायकांचं पंक रॉक ऐकायला लागून मला जेमतेम दोन महिने झालेत. बेलापूरच्या ऑफिसातल्या मंदारला हे कळल्यापासून तो डोकं खातोय. "तुला सूर तरी कळतो का? आणि जरा हसत जा ना, छान दिसतेस."

आज नेरूळला बायकांच्या बँडचा शो होता. मंदार मजा बघायला आला आणि मोबाईल काढून सगळ्यांच्या पुढे उभा राहिला. गायिकेने गाणं थांबवलं. "दादा, इथे बायका पुढे, पुरुष मागे." गेला मागे.

त्यांची एक पद्धत आहे. नवीन आलेलीने तिला रोज ऐकावं लागणारं एक वाक्य माईकवर ओरडायचं, मग ड्रमच्या ठेक्यावर सगळ्या तेच ओरडतात.

मी थेट मंदारकडे बोट करून ओरडले, "जरा हसत जा ना!"

सगळ्या त्याच्याकडे वळल्या आणि ओरडतच राहिल्या. तोंड बघण्यासारखं झालं होतं त्याचं. सूर माझा एकही लागला नाही.

तुमचं वाक्य कोणतं गं?

उद्या मंदार माझ्या समोरच्याच टेबलावर असेल. दिवसभर त्याच्याकडे बघून हसणार आहे मी.