कात्री शेजाऱ्याच्या हातात

एक मोठं डाळिंब आपल्याला खरं कितीला पडतं, ते एकदा मांडून बघावं. पाणी, शेणखत, फवारणी, मेहनत हे सगळेच धरतात. यमुनाकाकू त्यात आणखी एक गोष्ट धरतात: त्याच घोसातली त्याची दोन भावंडं, लिंबाएवढी असतानाच कापून खाली टाकलेली. "ती धरल्याबिगर हिशेब खोटा हाय," असं त्या म्हणतात. काकूंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मला लिहायला सांगितलं, तेव्हा हेच वाक्य आधी आठवलं.

काकूंची आणि माझी ओळख झाली तेव्हा मी नुकताच कोयता खाली ठेवला होता. त्याआधी मी आणि माझी पत्नी मंगल दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचो. साठवलेल्यातून आष्टीजवळच्या आमच्या माळावर डाळिंब लावलं. मंगलची एकच अट होती. पहिल्या बहारात बागेनं हात दिला तर इथंच राहायचं, नाहीतर मुकादमाला निरोप धाडून पुन्हा तोडीला जायचं.

बहार असा लागला की फांद्या जमिनीला टेकल्या. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून बाग दाखवत होतो. एक दिवस काकू आल्या. आमच्या भागात डाळिंब लावण्याचं धाडस आधी त्यांनी केलेलं, त्यामुळे त्यांचा शब्द मोठा. मी शाबासकी घ्यायच्या तयारीनंच उभा राहिलो.

काकू एका झाडाखाली वाकल्या, घोस हातात धरला आणि म्हणाल्या, "सोपान, ह्ये विकायला पिकवतूस का लोकाला दावायला?"

"का हो काकू?"

"झाड कवळं, अन् लेकरं लई. समदी गोट्यावानी ऱ्हातील. घोसात एक ठेव, बाकीची काढ."

"हातानं वाढवलेलं हातानं कसं कापू?"

"तुझ्या हातानं न्हाईच व्हायचं. बांधापल्याड कोण हाय?"

बांधापलीकडे दत्तू होता. त्याची बाग माझ्याच बागेच्या वयाची आणि तेवढीच लगडलेली. बांध कुणी कोरला यावरून आमचं बोलणं बंद होतं, हे काकूंसकट सगळ्यांना ठाऊक होतं.

काकूंची विरळणीची रीत आता आमच्याकडे सगळेच पाळतात. मालकानं आपल्या झाडाला कात्री लावायची नाही. तुझी बाग मी विरळायची, माझी तू. स्वतःच्या झाडाशी माणूस घुटमळतो, परक्या झाडावर त्याचा हात सरळ चालतो. इतरांच्या बाबतीत काकू मित्रा-मित्रांची जोडी लावायच्या. आमच्यासाठी त्यांनी मुद्दाम वैरी निवडला.

ठरल्या सकाळी त्यांनी आम्हा दोघांच्या हातात कात्र्या दिल्या आणि स्वतः बांधावर बसल्या. माझे कान पहिल्यापासून तिखट. माझ्या बागेत दत्तूची कात्री वाजली की मला इकडे नेमकी ऐकू यायची, आणि मी त्याच्या झाडावर दोनदा वाजवायचो. तोही काही बहिरा नव्हता. पलीकडचा वेग वाढला, इकडचाही वाढला. शेवटी दत्तूनंच अबोला मोडला.

"झाडाची हजामत कावून करतूस बे?"

"तुझं बघूनच शिकतोय."

"भांडा खुशाल," काकू बांधावरून म्हणाल्या, "पर घोसातलं ठेवायचं फळ कापलं, तर दोघांचाबी कान धरीन."

दुपारपर्यंत दोन्ही बागांत हिरव्या फळांचा खच पडला. मंगलनं तो पाहिला आणि ती तडक घरात गेली. आत कोयता सरकल्याचा आवाज झाला. मला वाटलं, झालं, आता पुन्हा तोडीला. नंतर कळलं, तिनं कोयता फक्त माळ्यावर नीट ठेवला होता, लागला तर सापडावा म्हणून.

तो लागला नाही. राहिलेल्या फळांनी असं अंग धरलं की एक फळ एका हातात मावेना. तोडणीच्या दिवशी व्यापारी आला, तीन फळांत किलोचं पारडं खाली गेलं. त्यानं तोंड वाकडं केलं, पण आपल्या माणसाला हळूच म्हणाला, "ही बाग सोडायची नाही." ते मी ऐकलं, आणि मग भाव मी सांगितला. दत्तूच्या बागेतही तेच झालं. त्या संध्याकाळी मंगलनं मुकादमाला स्वतः फोन केला: "आमची वाट बघू नका." दत्तू आमच्या अंगणात बसून चहा पीत होता.

आज माझ्या नावाची खोकी लांबच्या बाजारात जातात. आष्टी भागात माझ्याएवढं फळ कुणाचं नाही आणि ते माझ्या हाताचं यश आहे, हे मी चारचौघांत छाती काढून सांगतो.

काकूंचा धंद्यातला नियमही विरळणीसारखाच सरळ. एकदा मी खोक्याच्या वरच्या थरात मोठी फळं रचत होतो. काकूंनी खोकं उलटं केलं आणि म्हणाल्या, "आता झाकण लाव." मी सगळं खोकं पुन्हा भरलं. माझी आई बीडला दवाखान्यात होती, तेव्हा याच काकू रोज सकाळी आमच्या बागेत येऊन ठिबक सुरू करून जायच्या. आभार मानायला गेलो, तर त्यांनी कुठली नळी तुंबली होती तेवढंच सांगितलं.

काकूंना उदंड आयुष्य लाभो, गुडघे असेच साथ देवोत, आणि दर बहाराला बांधावर बसून आम्हाला दटावण्याइतका त्यांचा आवाज खणखणीत राहो. ही प्रार्थना थोडी स्वार्थाचीही आहे. त्या बांधावर बसल्या नाहीत, तर मला माझ्याच बागेतून बाहेर कोण काढणार? कारण इतक्या वर्षांत माझ्या झाडावरचं एकही फळ मी विरळलेलं नाही. यंदाही दत्तूनंच विरळलं.