अकरा बंड्या आणि एक फेटा

माझी उंची सहा फूट चार इंच. आमच्या घराण्यात एवढी उंची कुणाची नव्हती आणि कुणाला हवीही नव्हती. इंदापूर तालुक्यात, नरसिंहपूरच्या अलीकडे आमचं गाव. तिथं उंच माणसाची कामं ठरलेली. माळ्यावरची भांडी काढ, बल्ब बदल आणि एसटीत बसायचं तर गुडघे हनुवटीला लावून बस. दारांच्या चौकटी माझ्यासाठी केलेल्या नव्हत्या, त्यामुळं पोक काढून चालायची सवय लागली ती लागलीच.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, या उंचीचा मनापासून राग होता. आबा पाच फूट तीन इंच आणि पैलवान. आमच्या जत्रेच्या आखाड्याची रीत अशी, की समोरच्याची पाठ मातीला लागली रे लागली की माणसं आत घुसणार, जिंकलेल्याला उचलणार आणि तिथंच त्याच्या डोक्याला फेटा बांधणार. त्याला श्वास घ्यायलाही उसंत द्यायची नाही. आबा कितीतरी वर्षं लढले, पण त्यांच्या कुस्त्या बरोबरीत सुटायच्या नाहीतर ते हरायचे. फेटा काही त्यांच्या डोक्याला लागला नाही. मी जन्मलो तेव्हा त्यांनी इंदापूरच्या बाजारातून आंब्याच्या रंगाचा, जरीच्या काठाचा एक फेटा आणला. पोरानं पहिली कुस्ती मारली की आपल्या हातानं बांधायचा, असं ठरवून तो डांबरगोळ्या घालून ट्रंकेत ठेवला.

आणि मी निघालो शिडी! उंच पोराचे पाय लांब, आणि लांब पाय म्हणजे समोरच्याला आयतं गिऱ्हाईक. कुणीही उठावं, माझा एक पाय ओढावा आणि मला आभाळ दाखवावं. लागोपाठ तीन जत्रांत माझी पाठ लागली. तिसऱ्या वेळी आबांनी घरी येऊन नुसतं ट्रंकेला कुलूप घातलं. ते मला मारापेक्षा जास्त लागलं.

इंदापूरला हायस्कुलात गेलो तेव्हा शाळेजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान असलेले एक चाचा होते. तरुणपणी ते फौजेत बास्केटबॉल शिकून आले होते आणि संध्याकाळी शाळेच्या मैदानावर पोरांना शिकवायचे. मला बघून त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"अरे, तू इतके दिवस कुठं होतास?" ते म्हणाले.

माझ्या उंचीवर खूश झालेला मी पाहिलेला तो पहिला माणूस. मी त्यांच्या मागं गेलो, तो पुढं वीस वर्षं खेळतच राहिलो.

आता कुणाला वाटेल की मी मोठा खेळाडू झालो. मुळीच नाही. मी होतो भाड्याचा गडी. दक्षिणेतल्या एका बँकेचा संघ, उत्तरेत एक पोलिसांचा, गुजरातेत एका सिमेंट कारखान्याचा, एका खाजगी लीगमधला जो महिन्याच्या आत गुंडाळला गेला. अशा अकरा संघांच्या जर्सी मी घातल्या. वर्षाचा करार, संपला की पिशवी उचलायची. पहिल्या पाचांत मी क्वचित असायचो. बास्केटबॉलमध्ये एका खेळाडूला पाच फाऊल झाले की तो बाहेर. समोरच्या संघातला दांडगा माणूस आवरत नसला की आमचा कोच माझ्याकडं बघायचा. मी जायचो, त्याला धडका द्यायचो, माझे पाच फाऊल इमानदारीत खर्च करायचो आणि घाम पुसत परत यायचो. दुसरं काम, आपल्या माणसाला वाट मिळावी म्हणून विरुद्ध खेळाडूच्या वाटेत खांबासारखं उभं राहायचं. टाळ्या बॉल टाकणाऱ्याला. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, उलट गर्व होता. नीट आडवं उभं राहणं शंभरातल्या एकाला जमतं. नुसते पळणारे पुष्कळ पडलेत.

आबांना मात्र हे पटवून देणं माझ्या बापाच्यानं... म्हणजे माझ्याच्यानं झालं नाही. सुट्टीत घरी आलो की संवाद ठरलेला.

"म्हंजे तू नुसता आडवा उभा ऱ्हातूस?"

"व्हय, आबा."

"आन् त्याचं पैसं देत्यात?"

"देत्यात की."

मग ते नव्या जर्सीचं कापड चिमटीत धरून बघायचे. "ह्या बंडीवर कुणाचं नाव हाय? आपल्या गावाचं न्हाय, तालुक्याचं न्हाय. कुणासाठी पळतूस रं तू?"

मी जर्सीची घडी घालून ती पिशवीत टाकायचो. अकरा बंड्या झाल्या, आबा एकही सामना बघायला आले नाहीत.

गुडघा कुरकुरायला लागला तसे करार थांबले. मी गावी परतलो, लोणी देवकरला एका कारखान्यात स्टोअरला लागलो. तेवढ्यात चाचांचा निरोप आला. बारामतीत तालुक्या-तालुक्यांची स्पर्धा होती आणि इंदापूरचा संघ चाचाच नेणार होते. सत्तरीच्या घरातला माणूस, पण शिट्टी तशीच खणखणीत. त्यांनी जर्सी हातात दिली. छातीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, इंदापूर. मी ती घेऊन थेट घरी गेलो आणि आबांपुढं धरली. चाळिशीला टेकलेला माणूस, पण पहिलीतल्या पोरानं पाटी दाखवावी तसा उभा होतो.

आबांनी अक्षरांवरनं बोट फिरवलं. "कवा हाय?" एवढंच म्हणाले.

स्पर्धेत आम्ही कसेबसे अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलो, आणि समोर कोण तर खुद्द बारामती. त्यांची पोरं विशी-बाविशीची, बूट असे की बघत राहावं. आमच्यात मी, दोन शिक्षक, एक दूधवाला आणि कॉलेजची काही पोरं. रविवारी सकाळी आमच्या गावातनं एक टेम्पो भरून माणसं आली. त्यात आबा, काखेत कापडी पिशवी घट्ट धरलेली. पिशवीत काय आहे ते मला न उघडता कळलं. डांबरगोळ्यांचा वास मी जन्मापासून ओळखतो. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला चषक वगैरे काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, या माणसासमोर जिंकायचं होतं.

प्रेक्षकांच्या पायऱ्या उंच, आबांना चढवेनात. चाचा म्हणाले, "आबा, तुमी आपले हितं आमच्या बाकावर बसा." हीच ती चूक. पण चाचांना तरी काय ठाऊक!

सामना अटीतटीचा झाला. शेवटचे तीन सेकंद उरले तेव्हा आम्ही एका गुणानं मागं. आमच्यातल्या एका शिक्षकानं टाकलेला बॉल रिंगवर आपटून उडाला, तो मी वरच्या वर धरला आणि आत ढकलला. आम्ही एका गुणानं पुढं! घड्याळात दोन सेकंद बाकी होते. आणि मी वळून बघतो तर आबा मैदानात. हातात उलगडलेला फेटा, मागं टेम्पोतली अर्धी माणसं, "मारली! मारली!" करत. आखाड्याची रीत ती, तिथं घड्याळ कुठं असतं?

पंचानं शिट्टी वाजवली. आमच्या बाकावरचा माणूस खेळ चालू असताना आत आला म्हणून संघाला टेक्निकल फाऊल, म्हणजे बारामतीला एक मोकळा नेम. त्यांच्या पोरानं तो अलगद टाकला. बरोबरी. उरलेल्या दोन सेकंदांत कुणाचं काही झालं नाही आणि पाच मिनिटांचा जादा वेळ मिळाला.

चाचा डोकं धरून बसले. आबांना कुणीतरी काय घडलं ते सांगितलं. इतका पडलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता, माझ्या तीन जत्रांतसुद्धा नाही.

"माझ्यापायी घालिवलं रं समदं," ते म्हणाले.

"न्हाय घालिवलं, आबा. अजून कुस्ती सुटल्याली न्हाय," मी म्हणालो. "फक्त पंच सांगस्तोवर जाग्यावरनं हलायचं न्हाय."

त्या पाच मिनिटांत माझा गुडघा दर पावलाला शिव्या देत होता आणि मी त्याला. चार फाऊल माझ्या नावावर झालेले. आणखी एक झाला की मी बाहेर. शेवटी पुन्हा आम्ही एका गुणानं पुढं, बॉल बारामतीकडं, सेकंद मोजून पाच. त्यांचा सगळ्यात चपळ पोरगा सुसाट आत शिरला. त्याला अडवायला उडी मारली असती तर माझा पाचवा फाऊल नक्की. मी उडी मारली नाही. त्याच्या वाटेत गेलो, दोन्ही पाय रोवले, हात छातीशी घेतले आणि उभा राहिलो. आडवा.

तो येऊन असा आदळला की मी सपशेल उताणा. दोन्ही खांदे जमिनीला. त्याच वेळी शिट्टी झाली. बॉल मागनं जाळीतून पडलेलाही मी बघितला.

आमचे गावकरी मटकन खाली बसले. पाठ लागली होती ना माझी! उताणा पडल्या पडल्या मी मान वळवली. आबा बाकावरच बसलेले, फेट्याची घडी घालत होते.

पंचानं हात वर केला. उभ्या माणसाला धडकल्याबद्दल फाऊल धडकणाऱ्याचा. गुण रद्द, बॉल आमचा. आम्ही तो आत घेतला, दूधवाल्यानं छातीशी कवटाळला आणि वेळ संपल्याचा भोंगा वाजला. इंदापूर जिंकलं होतं. पोरं माझ्यावर येऊन पडली, चाचा तर लहान मुलासारखे नाचत होते.

आबा मात्र जागचे हलले नव्हते. मी लंगडत त्यांच्यापाशी गेलो.

"पाठ लागली की रं तुझी," ते हळूच म्हणाले.

"ती मीच लावून घेतली, आबा. त्यो अंगावर आला, मी आडवा उभा ऱ्हायलो, म्हणून आपुन जिंकलो. हेच तर माझं काम."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पंचाकडं. "त्यांनी सांगितलं का, सुटली म्हणून?"

"सांगितलं."

"मग बस खाली. माझा हात पोचत न्हाय."

मी त्या दुखऱ्या गुडघ्यावरच बसलो. चाळीस वर्षांच्या घड्या पडलेलं ते कापड आबांनी माझ्या कपाळावरनं ओढलं, करकचून पीळ दिला, एकेक वेढा घालत गेले. डांबरगोळ्यांचा वास नाकात गेला आणि मला रडू कोसळलं, लपवलं नाही. शेवटचं टोक खोचून ते मागं सरकले.

"आता उठ," ते म्हणाले. "पोक काढू नगंस. पार त्या टोकाच्या माणसाला दिसला पायजेस."

मी उठलो, पुरता सहा फूट चार इंच, आणि वर फेटा.