मसाल्यावर घेतलेला आळ

नाक चोंदलेलं असताना सीपॅपचा, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून लावायच्या यंत्राचा, मास्क लावून पडणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. यंत्र नळीतून हवा ढकलत असतं आणि नाकाची दोन्ही दारं बंद असतात. हवेचा दाब डोळ्यांच्या मागे, कानांत जाणवतो. थोडी हवा कशीबशी आत शिरलीच तर उघड्या तोंडातून फुस्सकन निघून जाते आणि जीभ लाकडासारखी कोरडी पडते. मग मास्क काढायचा, उठून बसायचं, हॉलमध्ये चकरा मारायच्या, पाणी प्यायचं, पुन्हा मास्क लावायचा, पुन्हा काढायचा. मी दीड वर्ष हेच केलं.

पण त्या त्रासाची तक्रार करायला मी लिहायला बसलेलो नाही. त्या दीड वर्षात मी माझ्या बायकोवर एक अन्याय केला. मी तेव्हा जे सांगितलं, तेच आमच्या नात्यागोत्यात अजूनही खरं मानलं जातं. माझं वय शहात्तर आहे. हे आणखी लांबवणं बरं नाही.

यंत्र घरात आलं तेसुद्धा तिच्यामुळेच. मी झोपेत घोरायचो, ते तिने चाळीस वर्षं चालवून घेतलं. पण नंतर घोरणं मध्येच थांबायला लागलं. "तुम्ही थांबलात की मी जागी होते," ती म्हणायची, "आणि पुन्हा सुरू होताय का, त्याची वाट बघत पडते." तिच्याच हट्टाने तपासणी झाली आणि यंत्र आलं. बसवायला आलेला माणूस जाताना म्हणाला, "अंकल, बस नाक खुला रखना. बाकी मशीन देख लेगी."

पहिले काही आठवडे सगळं ठीक चाललं. ती इतकी गाढ झोपू लागली की दुधाच्या पिशव्या आठ-आठ वाजेपर्यंत दाराला लटकत राहायच्या. मग डिसेंबरात मला सर्दी झाली. सर्दी गेली, पण नाक काही उघडेना. मी हैदराबादेत, नल्लकुंट्यातल्या आमच्या गल्लीच्या मेडिकलमधून नाकात घालायचे थेंब आणले. दोन मिनिटांत नाक मोकळं! मास्क लावला, झोपलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब. पंधरा दिवसांनी दर तीन तासांनी थेंब लागायला लागले.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी एकतीस वर्षं औषधाच्या कारखान्यात पॅकिंग विभागात होतो. खोक्यात औषधासोबत घडी घालून जो कागद ठेवतात, त्यावरची छपाई तपासणं हे माझं काम. नाकाच्या थेंबांचा कागद तर मी शेकडो वेळा वाचलेला. सलग काही दिवसांपेक्षा जास्त वापरू नये, नाहीतर नाक उलट जास्त सुजतं, हे त्यावरचं वाक्य मला तोंडपाठ होतं. एखादं अक्षर हललेलं असलं तरी मी पूर्ण लॉट परत पाठवायचो. आणि तोच मी एक बाटली दाढीच्या डब्यात, एक स्कूटरच्या डिकीत आणि एक स्वेटरच्या खिशात ठेवून फिरत होतो. मेडिकलवाला एकदा हसत म्हणाला, "चाचा, ये नाक की दवा है, रोज की चाय नै." मी हसलो, आणि पुढची बाटली बरकतपुऱ्यातून आणली. त्यानंतर लागोपाठ दोनदा एकाच दुकानात गेलो नाही.

फेब्रुवारीत नाकाच्या डॉक्टरांकडे गेलो. बायको शेजारच्या खुर्चीत, मांडीवर माझी फाइल घेऊन बसली होती.

डॉक्टरांनी विचारलं, "नाकात थेंब वगैरे घालता?"

"छे," मी म्हणालो.

"घरात धूर, धूळ, तिखट वास?"

मला थेंबांवरून विषय हलवायचा होता. मी म्हणालो, "ही मसाला भाजते ना. वर्षभर चालूच असतं."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, तिखट धूर टाळा. तिने तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

खरं काय ते आता सांगतो. वर्षभर नाही, मसाला फक्त तीन आठवडे चालायचा, चैत्राच्या उन्हात. तोही आमच्या घरात नाही, गच्चीवर. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, गच्ची पाचव्याच्या वर. धूर खाली उतरत नाही.

हा काळा मसाला ती लातूरकडच्या माहेराहून शिकून आली होती. नल्लकुंटा, अंबरपेठ, बरकतपुरा इथली अकरा मराठी घरं त्याची वाट बघायची. प्रत्येक घर आपले धने, खोबरं, मिरच्या, दगडफूल पाठवायचं आणि ती प्रत्येकाचं वेगळं भाजायची, कारण प्रत्येकाचं तिखटाचं माप वेगळं. मदतीला खालच्या मजल्यावरची तेलुगू शेजारीण. एरवी माझी बायको मोजकं बोलणारी. पण त्या तीन आठवड्यांत फोनवर तिचा आवाज वेगळाच असायचा. "धने ओले आहेत तुमचे. सून डोळे मिटून निवडते का?" असं ती बिनदिक्कत विचारायची आणि पलीकडची बाई हसत ऐकून घ्यायची. दगडफूल नेमकं कधी काढायचं, हे ती कढईकडे पाठ करूनही वासावरून सांगायची.

त्या चैत्रात शेजारीण दारात आली. इतक्या वर्षांत तिचं मराठी तेलुगू-हिंदीच्या मिसळीतून चांगलं चालायला लागलं होतं. बायकोला ती वदिना, म्हणजे वहिनी म्हणायची आणि मला अन्नय्या, म्हणजे दादा. "वदिना, मिरच्या आल्या बाजारात. कधी चढायचं वर?"

"यंदा नको गं," बायको म्हणाली. "यांच्या नाकाला चालत नाही."

"अन्नय्याचं नाक गच्चीवर येतंय क्या?"

"डॉक्टरांनी लिहून दिलंय."

मी आतल्या खोलीत पेपर घेऊन बसलो होतो. पुढचं पान उलटायचा आवाज होईल म्हणून तेच पान धरून राहिलो. त्यानंतर दोन दिवस तिने अकराही घरांना फोन केले. प्रत्येकीला तेच सांगितलं.

मसाला बंद झाला, तरी नाक उघडलं नाही. उघडणार कसं? मग ती आणखी कारणं शोधू लागली. देवापुढची उदबत्ती गेली. उशांचे अभ्रे रोज बदलले जाऊ लागले. आणि दुसऱ्या उन्हाळ्यात ती फोडणी घालताना स्वयंपाकघराचं दार आतून लावून घ्यायला लागली. आमच्या स्वयंपाकघराला एक लहान खिडकी, धूर ओढणारा पंखा नावापुरता. मिरचीची फोडणी पडली की ती आत खोकत राहायची. बाहेर यायची तेव्हा डोळे लाल, कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलेलं. पहिला प्रश्न, "आला का वास बाहेर?"

मी म्हणायचो, "थोडा."

वास आलेला नसायचा. पण तिने विचारलं की मी थोडा म्हणायचो, आणि जेवण झालं की बाथरूममध्ये जाऊन थेंब घालायचो. काही दिवसांनी तिने फोडणीत मिरची घालणंच सोडलं. मी ते मिळमिळीत वरण निमूट जेवलो.

शेवटी जुलैत दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण बाई होत्या. बायको बाहेर काउंटरवर कागद द्यायला गेली होती. डॉक्टरांनी नाकात दुर्बीण घालून पाहिलं आणि थेंब घालता का, असं विचारलंच नाही. म्हणाल्या, "अंकल, दिन में कितनी बार?"

मी म्हणालो, "सात-आठ."

त्या रागावल्या नाहीत. दोन्हीकडचे थेंब एकदम सोडले तर निभत नाही, असं त्यांनी समजावलं. आधी उजव्या नाकपुडीतले बंद करायचे, ती मोकळी झाली की डावीतले. मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं. एक फवारा दिला, त्याचा गुण यायला दिवस लागतात, म्हणून घाई करू नका म्हणाल्या. यंत्राच्या टाकीत पाणी भरून हवा ओलसर ठेवायची. मी पाणी नळीत साचतं म्हणून तेही बंद करून ठेवलं होतं.

ते तीन आठवडे मला एका जागी बसवेना. उजवी बाजू दगडासारखी, डावी थेंबांवर. अफझलगंजपर्यंत जायचो, ग्रंथालयात पेपर उघडायचो, दोन ओळी वाचून उठायचो. पण नाक उघडलं, आधी एक बाजू, मग दुसरी. एका सकाळी मास्क चेहऱ्यावर तसाच होता आणि बाहेर ऊन आलेलं होतं.

मी बायकोला सांगितलं होतं की नवा फवारा मिळाला आहे, बास. ती आनंदाने म्हणाली, "बघा! मी म्हणत नव्हते? घरातला धूर बंद झाला म्हणूनच."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी चहा पीत राहिलो.

तिने ते सगळ्यांना सांगितलं. माझ्या भाच्याच्या घराच्या वास्तुशांतीला पंगतीत विषय निघाला. भाचा म्हणाला, "मामींनी मसाला सोडला म्हणून मामा वाचले." कुणीतरी भर घातली, "लातूरचा मसाला हैदराबादच्या नाकाला झेपेना!" सगळे हसले, तीही हसली. मी जिलबीचा तुकडा मोडत राहिलो. माझं नाक मोकळं होतं, झोप पुरेशी होत होती, आणि ती बाई स्वतःच्या हातच्या कामाला दोष देत हसत होती.

त्यानंतर रात्री झोप लागायची, पण दिवसा मला घरात बसवेनासं झालं. सहा महिने मी तिच्यासमोरून उठून जात होतो.

या फेब्रुवारीत एका सकाळी तिने माळ्यावरची मोठी लोखंडी कढई आणि लांब दांड्याचं उलथनं काढून दाराशी ठेवलं. शेजारीण ते आपल्या वरंगळच्या मुलीकडे पाठवणार होती. "ठेवून काय करायचं?" बायको म्हणाली. "गंज चढतोय."

मी म्हणालो, "देऊ नकोस. माझ्या नाकाचा आणि मसाल्याचा काही संबंध नव्हता." आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. थेंब, बाटल्या, दुकानं, दोन्ही डॉक्टर.

ती पायरीवर बसली. "किती दिवस?"

"दीड वर्ष."

"त्या डॉक्टरांपुढे मला पुढे केलंत, ते मुद्दाम?"

"त्या वेळी सुचलं ते बोललो. नंतर मात्र मुद्दाम."

"मी दार लावून खोकत होते तेव्हा?"

"तेव्हाही मला माहीत होतं."

तेवढ्यात शेजारीण आली. "वदिना, कढई नेऊ ना?"

"थांब जरा," बायको म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. "मी अकरा घरांना एकेक करून सांगितलं होतं, माझ्या तोंडाने. आता तुम्ही सांगा. फोनवर नाही. जाऊन."

शेजारणीला काही कळलं नाही, पण ती कढई न नेता खाली गेली. आमच्या मुलाला मी व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, इट्स ओके, एवढं काय त्यात?" मी म्हणालो, मी लिहून पाठवतो. तो म्हणाला, "लिहू नका, मला मराठी वाचायला वेळ लागतो. व्हॉइस मेसेज करा." मी तरीही लिहितो आहे. त्याने वेळ लावून वाचावं.

मी घरोघरी जायला लागलो. अंबरपेठच्या पहिल्या घरी त्यांना वाटलं, कसलं तरी आमंत्रण आणलंय. ऐकून ती बाई हसायलाच लागली, "अहो काका, एवढ्यासाठी उन्हात आलात?" बरकतपुऱ्याच्या आजीबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आणि तिचे दोन उन्हाळे? ते कुठून आणणार?" तीन घरांनी सांगितलं की आता तयार पाकिटाची सवय झाली, तेवढा मसाला आता लागतही नाही.

घरी आलो की बायको सगळं विचारून घेते. कोण काय म्हणालं आणि मी काय म्हणालो, शब्द न् शब्द. तीन घरं आता मसाला घेणार नाहीत हे ऐकल्यावर तिने नुसती मान हलवली. यंदा मिरच्या आणायच्या का, हे ती बोललेली नाही आणि मी विचारलेलं नाही. कढई अजून दाराशीच आहे, आम्ही दोघं तिला वळसा घालून जातो.

काल सातव्या घराहून आलो. काय सांगितलंत, तिने विचारलं. मी म्हणालो, "सांगितलं की माझ्याकडून जरा चूक झाली."

"जरा?" ती म्हणाली. "काय चूक, ते सांगितलंत?"

"तिथे पाहुणे होते."

"मग पुन्हा जा."

आज सकाळी पुन्हा गेलो. त्या घरच्या सुनेने दार उघडलं. "काका, काही राहिलं का कालचं?"

"हो," मी म्हणालो. पाहुणे अजून होतेच, सोफ्यावर नाश्ता करत होते. मी चप्पल काढून आत गेलो आणि त्यांच्यासमोर, पहिल्या थेंबापासून सांगायला सुरुवात केली.